वादळात संदेश पोचायचा, तर आधी होडीवरची खरखर घालवा

अलिबाग : 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात रायगडच्या बंदरांवर होड्यांची डागडुजी चालते. इंजिन, जाळी, रंगकाम सगळं होतं; वायरिंग मात्र ‘चालतंय ना, राहू दे’ म्हणून मागे पडतं. पण किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील 1 लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये सुरू झाली. आता दर्यावरचा जीव अशा यंत्रांच्या भरवशावर असताना वायरिंगकडे काणाडोळा परवडणारा नाही.

1904 चा उपाय : लांब जा

विजेच्या गोंगाटाशी अलिबागचं नातं जुनं आहे. मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड होतं. संचालक डॉ. नानाभॉय मूस यांच्या काळात 1904 मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन मेळ घातला गेला. 1907 मध्ये ट्राम धावली, तेव्हा अलिबागचं काम सुरळीत चालू होतं.

आज तसं लांब पळायला जागा नाही. मोटार, इन्व्हर्टर, एलईडी दिवे घरोघरी आणि होडीहोडीवर आहेत. त्यात किनाऱ्याची खारी हवा. विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, दमट हवेत ठिणग्या उडतात आणि तडतड सुरू होते.

संदेश कसा वाचतो?

हा गोंगाट सतत नसतो, झटक्याने येतो. रेडिओवर तो नुसता ‘कट्ट’ असा ऐकू येतो. डिजिटल संदेशात तेवढ्यात ओळीने कित्येक अक्षरं पुसली जातात. एक-दोन अक्षरं गेली तर सोबत पाठवलेल्या जादा खुणांवरून ती भरून काढता येतात, सलग दहा गेली तर अवघड.

म्हणून पाठवण्याआधी अक्षरं पत्त्यांसारखी पिसतात. चार अक्षरांचे चार शब्द असतील, तर आधी प्रत्येकाचं पहिलं अक्षर जातं, मग प्रत्येकाचं दुसरं. वाटेत सलग चार अक्षरं गेली तरी परत जुळवल्यावर प्रत्येक शब्दात एकच कमी असतं. यंत्र ते भरून काढतं. शिवाय अचानक उसळलेला झटका रिसीव्हर छाटून टाकतो आणि जे जुळलंच नाही ते पुन्हा मागवतो.

मात्र हे फुकट होत नाही. पिसायला आणि पुन्हा मागवायला वेळ लागतो, जादा खुणांनी वेग घटतो. आणि वीजच गेली तर कुठलीही युक्ती चालत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर अनेक गावांत लाइट आणि मोबाइल दोन्ही कित्येक दिवस बंद होते, हे श्रीवर्धन, मुरुडकरांना सांगायला नको.

आत्ता काय करता येईल?

गोंगाट उगमापाशीच कमी करणं सगळ्यात स्वस्त. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 2018 मध्ये इशारा दिला होता, की काही एलईडी दिव्यांमुळे नौकांवरच्या व्हीएचएफ सेटच्या संदेशात अडथळा येतो. त्यांनी सांगितलेली तपासणी नाखव्याला पाच मिनिटांत जमेल. दिवे बंद करून सेट शांत चॅनेलवर लावा. खरखर जेमतेम थांबेल इतकाच स्क्वेल्च ठेवा. मग दिवे लावा. खरखर परत आली, तर दोष दिव्यात आहे.

अँटेनाची केबल दिव्यांच्या आणि डायनमोच्या वायरीपासून दूर न्यावी, गंजलेले जोड बदलावेत, अर्थिंग नीट करावं. गावात इन्सुलेटर पावसाआधी धुणं हे वीज कंपनीचं काम. त्याची आठवण ग्रामसभेत लेखी द्यावी.

सरकार यंत्र देईल, उपग्रह वर आहेच. पण ‘परत या’ हा निरोप शेवटच्या दोन फुटांत, होडीवरच्याच एका दिव्यापायी अडू नये. बंदी उठायच्या आत ही तपासणी उरकलेली बरी.