मोठ्या माणसाच्या कांजिण्या: पहिला दिवस वाया घालवू नका

थंडी ओसरू लागली आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की सोलापुरात कांजिण्यांचे दिवस येतात. ते पार उन्हाळ्यापर्यंत टिकतात. घरातल्या लहान मुलाच्या अंगावर पुरळ उठले तर फारसे कोणी घाबरत नाही, आणि ते बरोबरही आहे. चार-पाच दिवस ताप, खाज आणि किरकिर, मग फोडांवर खपल्या धरतात आणि मूल पुन्हा खेळायला पळते. पण हेच पुरळ पस्तिशीतल्या यंत्रमाग कामगाराच्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलीच्या किंवा विड्या वळणाऱ्या आईच्या अंगावर उठले, तरीही आपण तेच म्हणतो: निघू द्या, आपोआप जातील. इथे मात्र आपले चुकते. मोठ्या माणसाच्या कांजिण्या हा वेगळ्या जोखमीचा आजार आहे. त्यावर औषध आहे, पण ते पहिल्या दिवशीच खरे उपयोगी पडते. म्हणून अंगावर पुरळ दिसल्यापासून चोवीस तासांच्या आत मोठ्या माणसाने डॉक्टरांचा सल्ला घेतला पाहिजे, आणि तो घेणे त्याला परवडेल अशी व्यवस्था शहराने केली पाहिजे.

जोखीम वेगळी म्हणजे किती वेगळी, याचा सर्वात स्पष्ट पुरावा अमेरिकेतल्या जुन्या नोंदींत सापडतो. तिथे १९९५ मध्ये लस आली. त्याआधी दरवर्षी सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या होत. त्यात प्रौढांचा वाटा जेमतेम ५ टक्के, पण कांजिण्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंत त्यांचा वाटा सुमारे ३५ टक्के. १ ते १४ वयाच्या मुलांमध्ये एक लाख रुग्णांमागे साधारण एक मृत्यू होत असे, तर प्रौढांमध्ये २१. म्हणजे धोका वीस पटींहून अधिक. याचे मुख्य कारण न्यूमोनिया. विषाणू रक्तातून फुप्फुसांत पोहोचतो आणि पुरळ उठल्यानंतर पहिल्या आठवड्यातच कोरडा खोकला, छातीत दुखणे आणि धाप सुरू होते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना, गरोदर स्त्रियांना, आणि कर्करोगाचे उपचार, एचआयव्ही, अवयव प्रत्यारोपण किंवा स्टेरॉईडच्या गोळ्या यांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे त्यांना ही जोखीम आणखी जास्त असते. एक लाखात २१ हा आकडा लहान वाटेल. पण कांजिण्यांचा विषाणू हवेतून पसरतो. घरात एकाला झाल्या की ज्यांना पूर्वी झालेल्या नाहीत अशा दहापैकी साधारण नऊ जणांना त्या होतात. इतक्या वेगाने पसरणाऱ्या आजारात लहान आकडाही शेवटी कुणाच्या तरी घरातला कर्ता माणूस असतो.

सोलापूरसारख्या शहराने याचा विचार करण्याला आणखी एक कारण आहे. थंड हवेच्या देशांत लस नसतानाही जवळपास सगळ्यांना लहानपणीच कांजिण्या होऊन जात आणि प्रौढ सुरक्षित राहत. उष्ण प्रदेशांत तसे होत नाही, पुष्कळ लोक कांजिण्या न होताच मोठे होतात. पश्चिम बंगालमधल्या, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले की असे असुरक्षित प्रौढ मुख्यतः ग्रामीण भागातले असतात. विरळ वस्तीत त्यांची लहानपणी या विषाणूशी गाठच पडलेली नसते. आता आपल्या शहराकडे पाहा. अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळ, बार्शी इथून, शिवाय सीमेपलीकडच्या विजयपूर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतून तरुण मुले-मुली शिक्षणासाठी आणि कामासाठी सोलापुरात येतात. एका खोलीत चौघे-पाच जण राहतात, एकाच शेडमध्ये बारा तास मागावर उभे असतात, एकाच बसने ये-जा करतात. लहानपणी न भेटलेला विषाणू त्यांना इथे, वयाच्या विशीत-तिशीत भेटतो. शिवाय पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच रुग्ण इतरांना आजार देऊ लागतो, आणि संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत १० ते २१ दिवस जातात. त्यामुळे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेली साथ लक्षात येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

आता उपचाराबद्दल. असायक्लोव्हिर हे या विषाणूची वाढ रोखणारे औषध. ज्यांच्या संशोधनातून ते पुढे आले त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक सहकाऱ्यांसह मिळाले. प्रौढांमध्ये साधारणपणे ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, पाच ते सात दिवस देतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टर मात्रा बदलतात, म्हणून हे औषध मनाने घ्यायचे नाही. विषाणू शरीरात वाढत असतो तेव्हाच त्याला अडवता येते. पुरळ उठून चोवीस तास व्हायच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर फोड कमी येतात, ताप लवकर उतरतो, खपल्या लवकर धरतात. त्यानंतर सुरू केल्यास एरवी धडधाकट असलेल्या माणसाला फायदा झपाट्याने घटतो. न्यूमोनियाची शंका आली किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर मात्र किती दिवस उलटले हे न पाहता रुग्णालयात शिरेतून औषध द्यावे लागते. घरी करायच्या गोष्टी साध्या आहेत. तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावी. ॲस्पिरिन टाळावी, आणि आयबुप्रोफेनही, कारण त्याचा संबंध कांजिण्यांतल्या गंभीर त्वचासंसर्गाशी आढळला आहे. नखे कापावीत, कोमट पाण्याने रोज अंघोळ करावी, अंग न चोळता टिपून घ्यावे, सुती सैल कपडे घालावेत, कॅलामाइन लोशन लावावे, पाणी भरपूर प्यावे. खाज थांबावी म्हणून औषध दुकानातून स्टेरॉईडचे मलम किंवा गोळी आणणे घातक ठरू शकते. धाप लागली, छातीत दुखू लागले, तीव्र डोकेदुखी, गुंगी किंवा तोल जाणे जाणवले, सतत उलट्या झाल्या, फोडांभोवतीची कातडी लाल, गरम होऊन दुखू लागली किंवा उतरलेला ताप परत चढला, तर रात्र असो की सुट्टीचा दिवस, रुग्णालय गाठावे.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडूनच येऊ शकतो. बहुतेक प्रौढही औषधाशिवाय बरे होतात, मग सरसकट सगळ्यांना गोळ्या कशाला? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. या गोळ्यांनी धडधाकट प्रौढाचा न्यूमोनिया हमखास टळतो असा दावा कोणी करू नये. एवढे ठोस सांगता येईल की आजार सौम्य होतो आणि लवकर आटपतो. पण पहिल्या दिवशी डॉक्टरांना भेटण्याचा उपयोग गोळ्यांपुरता नाही. हे पुरळ खरोखर कांजिण्यांचे आहे का, रुग्ण धूम्रपान करतो का, गरोदर आहे का, कुठली औषधे चालू आहेत, घरात तान्हे मूल किंवा कर्करोगाचा रुग्ण आहे का, हे प्रश्न त्याच दिवशी विचारले गेले तर कोणावर नजर ठेवायची ते ठरते. पाचव्या दिवशी धापा टाकत आलेल्या रुग्णाला हे विचारून फारसे हाती लागत नाही. दुसरी अडचण अशी की घरात थांबायचे म्हणता आणि दवाखान्यातही पाठवता, तर गर्दीच्या दवाखान्यात आणखी दहा जणांना लागण होईल. ती रास्त आहे. म्हणूनच आधी फोन करावा, मास्क लावून जावे, बाहेर वेगळे थांबावे. सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या आणि विनाशुल्क मिळतो. अशा आजारासाठी ती फार उपयोगी आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे. सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड घरे शेजारी-शेजारी नांदतात, आणि तिन्हींमध्ये या पुरळांना देवीचे येणे मानण्याची परंपरा आहे. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, बाहेरच्यांनी यायचे नाही, औषध द्यायचे नाही, अंघोळ घालायची नाही. या परंपरेची चेष्टा करून काही साधणार नाही, आणि ती सगळी टाकाऊही नाही. रुग्णाला वेगळे ठेवणे, त्याला विश्रांती देणे, दारावरच्या खुणेने येणाऱ्याला सावध करणे हे साथ रोखण्याचे शहाणपण आहे. औषध आणि अंघोळ यांवरची बंदी मात्र सोडावी लागेल, कारण न धुतलेल्या, खाजवलेल्या फोडांत पू होतो आणि औषधाचा पहिला दिवस हातचा जातो. परंपरा बदलत नाही असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. देवीचा रोग हाही देवीचाच मानला जात होता. तरीही याच समाजाने लस टोचून घेतली, आणि भारतात देवीच्या साथीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. पूजा करणाऱ्या घरांनीच लसही स्वीकारली. त्याच घरांना आज पहिल्या दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्या म्हणून सांगणे अशक्य नाही.

तिसरा आक्षेप सर्वात जड आहे, कारण तो पोटाचा आहे. यंत्रमागावर जेवढे कापड निघेल तेवढी मजुरी, विड्या हजाराच्या हिशेबाने. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर घरी बसायचे, तर चूल कशी पेटायची? या माणसाला आरोग्याचा उपदेश करणे सोपे आहे, पण त्याने तो पाळला नाही तर दोष त्याचा नाही. राज्य कामगार विमा योजनेत पात्र कामगाराला आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. कांजिण्यांची रजाही त्यात बसते. पण ही योजना साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते, आणि छोट्या शेडमधले, घरून काम करणारे असंख्य हात तिच्या बाहेर राहतात. इथे मालकांनी आपला हिशेब नीट मांडावा. एका कामगाराला आठ दिवसांची भर पगारी रजा देणे हे निम्मी पाळी अंथरुणाला खिळण्यापेक्षा स्वस्त पडते. फोड अंगावर घेऊन मागावर उभा राहिलेला कामगार मालकाचे उत्पादन वाचवत नाही, तो साथ पुढच्या शेडमध्ये नेतो.

गरोदर स्त्रियांबाबत तर वाट पाहायला जागाच नाही. पहिल्या वीस आठवड्यांत आईला कांजिण्या झाल्या तर बाळात व्यंग येण्याची शक्यता असते. ती एक-दोन टक्क्यांच्या आसपासच असल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, पण तपासणी अटळ आहे. प्रसूतीच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंतच्या काळात आईच्या अंगावर पुरळ उठले तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या नोंदणीलाच ‘तुम्हाला कांजिण्या होऊन गेल्या आहेत का?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. ज्यांना झालेल्या नाहीत त्यांनी रुग्णापासून दूर राहावे, आणि नागीण झालेल्या माणसापासूनही, कारण तोच विषाणू तिथे पुन्हा जागा झालेला असतो. तरीही संपर्क आलाच तर पुरळाची वाट न पाहता त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगावे. संपर्कानंतरचे संरक्षक इंजेक्शन फक्त पहिल्या दहा दिवसांतच देतात, आणि जितक्या लवकर तितके चांगले.

मग सगळ्यांना लसच का देऊ नये? जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केलेली ही लस सुरक्षित आणि परिणामकारक आहे. ब्रिटनने कित्येक वर्षांच्या विचारानंतर जानेवारी २०२६ पासून ती बालकांच्या नियमित लसीकरणात आणली. आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती नाही, आणि खासगी दवाखान्यात एका डोसला दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. जागतिक आरोग्य संघटनेने इथे एक इशारा दिलेला आहे. बालकांचे लसीकरण ८० टक्क्यांवर टिकवता येणार असेल तरच हा कार्यक्रम सुरू करावा, नाहीतर विषाणू रेंगाळत राहतो आणि उरलेल्यांना तो मोठ्या वयात गाठतो. म्हणजे पैसेवाल्यांच्याच मुलांना लस मिळत राहिली तर लस न मिळालेल्यांच्या वाट्याला प्रौढ वयातल्या कांजिण्या येण्याची भीती आहे. राष्ट्रीय निर्णय होईल तेव्हा होवो. तोपर्यंत ज्या प्रौढांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांनी, विशेषतः परिचारिका आणि वैद्यकीय विद्यार्थी, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि मूल होऊ देण्याच्या विचारातल्या स्त्रियांनी, चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावेत. गरोदरपणात ही लस देत नाहीत, आणि ती घेतल्यावर किमान महिनाभर गर्भधारणा टाळायची असते. घरात रुग्ण निघाल्यावरही तीन ते पाच दिवसांत घेतलेली लस आजार टाळू किंवा सौम्य करू शकते.

महापालिकेकडे मागणे मोठे नाही. असायक्लोव्हिर राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते प्रत्येक नागरी आरोग्य केंद्रात हंगामाच्या आधी पुरेसे ठेवा. आशा सेविकांच्या हाती धोक्याच्या लक्षणांचा मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू कागद द्या. डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातल्या परिचर्येच्या आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपासून लसीकरणाची सुरुवात करा. वसतिगृहांनी आजारी विद्यार्थ्यासाठी एक वेगळी खोली राखावी. आणि वाचकांनो, तुमचे काम याहून सोपे आहे. आज घरात विचारा की कांजिण्या कोणाला झालेल्या नाहीत. त्यांच्यापैकी कोणाच्या अंगावर उद्या पाण्याचे फोड दिसले, तर डहाळा जरूर बांधा, पण त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.