बिघाडांची यादी म्हणजे कर्करोग नव्हे

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची गोष्ट 1990 पासून एकाच चालीत सांगितली जाते. फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी तिचा आराखडा मांडला: एपीसी जनुक बिघडते, पॉलिप उगवतो, मग के-रास, मग पी-53, आणि शेवटी कर्करोग. आराखडा खोटा नाही. त्यातून रूढ झालेला समज मात्र खोटा आहे. जितके बिघाड जास्त तितका रोग पुढे, आणि पुढे गेलेला रोग मागे फिरत नाही, हा तो समज.

एपीसीचेच बघा. बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा निकाल लावणे हे त्याचे काम. एपीसी गेले की बीटा-कॅटेनिन साचते, केंद्रकात शिरते, टीसीएफ प्रथिनाला मिळते आणि वाढीची जनुके चालू करते. म्हणजे बिघाड जनुकात, पण कारभार नियामक प्रथिनांचा, म्हणजे जनुके चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांचा. यादीतले पी-53 तर स्वतःच नियामक प्रथिन. ‘पण मूळ बिघाड जनुकातलाच ना?’ मान्य. सुरुवातीबद्दल वादच नाही. वाद पुढच्या वाटचालीबद्दल आहे.

2008 च्या एका अभ्यासाने हिशेब मांडला: साध्या मोठ्या गाठीचा कर्करोग व्हायला सुमारे 17 वर्षे लागतात, तिथून रोग शरीरात पसरायची क्षमता यायला दोन वर्षेही लागत नाहीत, आणि या शेवटच्या टप्प्यात नवे बिघाड जवळजवळ नाहीतच. मग ही मजल मारली कशाच्या जोरावर? उत्तर सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर दिसते. 2001 मध्ये जर्मनीत ब्राब्लेट्झ यांनी दाखवले, की गाठीच्या मध्यभागी पेशी ग्रंथी बांधून शिस्तीत बसलेल्या असतात. कडेला, जिथे गाठ शेजारी घुसते, तिथे त्याच पेशी सुट्या झालेल्या आणि त्यांच्या केंद्रकात बीटा-कॅटेनिन ठासून भरलेले. दूर जाऊन रुजलेल्या गाठीत पुन्हा ग्रंथी. जनुकातला बिघाड, म्हणजे म्यूटेशन, अशी ये-जा करत नाही.

मागे फिरण्याचे म्हणाल, तर 2015 मध्ये स्कॉट लो यांच्या गटाने उंदरांत एपीसी पुन्हा चालू केले. के-रास आणि पी-53 बिघडलेलेच होते, तरी कर्करोगाच्या पेशी दोन-एक आठवड्यांत पुन्हा आतड्याच्या साध्या पेशींसारख्या वागू लागल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. पण ‘परत फिरणे नाही’ हा सिद्धान्त तिथेच कोसळला.

शेवटचा आक्षेप: नियामक प्रथिनांवर औषध बसत नाही. स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन मग कशावर बसते? इस्ट्रोजेन रिसेप्टर हे नियामक प्रथिनच. बीटा-कॅटेनिन अवघड आहे, कारण त्याला औषध अडकवायला खोबण नाही आणि निरोगी आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते तेही त्याच्याच जिवावर. अवघड म्हणजे अशक्य नव्हे.

शिवाय उपयोग फक्त औषधाचाच असतो का? सीडीएक्स-2 हे आतड्याच्या पेशीला आतड्याची ओळख देणारे नियामक प्रथिन. 2016 मध्ये डालेर्बा आणि सहकाऱ्यांनी जुन्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दुसऱ्या टप्प्यातल्या (स्टेज 2) ज्या गाठींत ते नव्हते, त्या रुग्णांत रोग जास्त वेळा उलटला. आणि त्यांतल्या केमो घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा चांगली होती. ही मागे वळून केलेली पाहणी आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण पसरलेली गाठ मुळात आतड्याची का, हे ओळखायला पॅथॉलॉजिस्ट सीडीएक्स-2 दाखवणारा रंग रोज लावतात. दुसऱ्या टप्प्यातल्या प्रत्येक गाठीला तो लावावा आणि निकाल रिपोर्टात लिहावा. घरात असा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना तेवढे जरूर विचारा.