बरोबरीत सुटलेला डाव

बुद्धिबळाचा डाव संपला की पाहणारे पहिला प्रश्न करतात, "कोण जिंकले?" "बरोबरी झाली," हे उत्तर ऐकताच त्यांचा उत्साह मावळतो; जणू दोघांनीही वेळ व्यर्थ दवडला! ही समजूत बरी नव्हे.

बरोबरी आपोआप पदरात पडत नाही. समजा, दोन सामान्य खेळाडूंच्या डावात अखेरीस एकाजवळ राजा व पटाच्या अगदी कडेच्या पट्टीतील एक प्यादे उरले, आणि दुसऱ्याजवळ केवळ राजा. बघ्यांच्या लेखी डाव संपलाच. परंतु तो एकाकी राजा प्याद्यापुढील कोपऱ्यात वेळेवर पोहोचला, तर त्याला तेथून हुसकावता येत नाही. फार तर शह नसताना त्याला हलावयास घर उरत नाही, आणि तेव्हा नियमाने बरोबरीच होते. धीर सोडून आधीच हार मानणाऱ्यास हा अर्धा गुण कोठून लाभणार?

थोर खेळाडूंचीही हीच कथा आहे. १९५५ साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. एक मराठी, एक तेलुगू. मान दोघांचा सारखाच. पुढे २०२५ च्या जुलैत बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम लढतीत नागपूरची दिव्या देशमुख व आंध्रची कोनेरू हम्पी यांचे पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. त्यानंतरच्या जलद डावांपैकीही पहिला बरोबरीत गेला. दुसरा जिंकून दिव्या विजयी झाली. आधीचे तीन डाव तिने सांभाळले नसते, तर चौथ्याला अर्थच उरला नसता.

मात्र भीतीपोटी दहा-बारा खेळ्यांत हात मिळवून घेतलेली बरोबरी निराळी. तिच्यात पराक्रम नाही, शिक्षणही नाही.

म्हणून शालेय सामन्यांत बरोबरीचा डाव नाणे उडवून अथवा उरलेले मोहरे मोजून निकालात काढू नये. दोघांनाही अर्धा-अर्धा गुण द्यावा. तलमडुगुसारख्या सीमेवरील गावी तर मराठी आणि तेलुगू मुलांनी एका पटाभोवती बसणे सहज शक्य आहे. विद्यार्थिमित्रांनो, डाव बरोबरीत सुटला तर पट लगेच गुंडाळू नका. प्रतिस्पर्ध्यासह तो पुन्हा मांडा, आणि विजयाची वाट कोठे चुकली ते दोघे मिळून शोधा.