सायकलकट्टा : पाय अडकवायचा, पण सुटायलाही हवा

रोड बाईक घेऊन चार-सहा महिने झाले की एक प्रश्न हमखास येतो : आता क्लिपलेस पेडल घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कुठलं? त्याच वेळी घरातून आजीचाही प्रश्न येतो : "अरे, पाय बांधून कुणी सायकल चालवतं का?" तरुण मंडळी आजीच्या प्रश्नावर हसतात. पण निवड करताना खरा कामाचा प्रश्न तिचाच आहे. पाय किती घट्ट बसतो यापेक्षा तो हवा तेव्हा सुटतो का, हे आधी बघायचं.

आधी नावाचा घोळ मिटवू. ज्यात बूट 'क्लिक' होऊन अडकतो त्याला क्लिपलेस का म्हणायचं? पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पेडलवर पुढे एक पिंजरा आणि चामडी पट्टा असायचा. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. बर्फावरच्या स्कीला बूट अडकवण्याची यंत्रणा बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने तीच कल्पना १९८४ मध्ये सायकलच्या पेडलवर आणली. पिंजरा गेला, म्हणून क्लिपलेस. १९८५ मध्ये बर्नार हिनोने ही पेडल्स वापरून तूर द फ्रान्स जिंकली आणि टो-क्लिपचे दिवस भरत आले.

यात पेडल, बूट आणि बुटाच्या तळाला स्क्रूने बसणारा क्लीट अशा तीन वस्तू लागतात. क्लीट बहुधा पेडलच्या खोक्यातच मिळतात, बूट वेगळे घ्यावे लागतात. म्हणून बजेट बूट धरूनच ठरवा.

बाजारात मुख्य प्रकार दोन. पहिला तीन स्क्रूंचा, म्हणजे शिमानोचा एसपीडी-एसएल किंवा लूकचा केओ. क्लीट मोठा, प्लॅस्टिकचा आणि तळाच्या बाहेर आलेला असतो. पायाला टेकू रुंद मिळतो, पेडल हलकं असतं. पण चालताना बदकासारखं चालावं लागतं, गुळगुळीत फरशीवर घसरायला होतं आणि चालून चालून क्लीट झिजतो. या दोन्ही कंपन्यांच्या क्लीटची भोकं बुटाला सारखीच बसतात. मात्र एकाचा क्लीट दुसऱ्याच्या पेडलमध्ये चालत नाही.

दुसरा दोन स्क्रूंचा, शिमानोचा एसपीडी. हा १९९० च्या सुमारास माउंटन बाईकसाठी आला. क्लीट लहान, धातूचा आणि तळाच्या खाचेत बसलेला असतो, त्यामुळे नेहमीच्या बुटासारखं चालता येतं. बहुतेक पेडल्सना दोन्ही बाजूंनी पाय अडकतो. सिग्नल सुटल्यावर खाली बघत पेडल उलटं-सुलटं करत बसावं लागत नाही.

आता आपला रस्ता डोळ्यासमोर आणा. टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी थांबायचं, बाजारातल्या गर्दीतून निघायचं, जांबोटीला चहासाठी उतरायचं, पावसाळ्यात कणकुंबी-चोर्ल्याकडे गेलात तर लाल चिखलात पाय टेकायचा. अशा राइडला पहिली जोडी दोन स्क्रूंचीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. हीच सायकल कॉलेजलाही नेत असाल तर एका बाजूला एसपीडी आणि दुसऱ्या बाजूला साधं सपाट, असं पेडल मिळतं. चपलेवरही चालतं. तीन स्क्रूंचा प्रकार शर्यतीची तयारी करणाऱ्यांनी किंवा घरून निघून मध्ये न थांबता घरीच परतणाऱ्यांनी घ्यावा. आणि पाय अडकवायचाच नसेल तर चांगली पकड असलेलं सपाट पेडलही उत्तम. जोर मुख्यतः पेडल खाली दाबतानाच लागतो. क्लिपलेसचा खरा फायदा असा, की पाय घसरत नाही आणि दर फेरीला त्याच जागी राहतो.

पण त्याच जागी राहतो म्हणूनच ती जागा चुकली तर गुडघा बोलायला लागतो. तासाभरात पाय काही हजार वेळा फिरतो. यासाठी क्लीटमध्ये थोडी मोकळीक ठेवलेली असते, तिला फ्लोट म्हणतात. शिमानोच्या तीन स्क्रूंच्या क्लीटमध्ये पिवळा ६ अंशांचा, निळा २ अंशांचा आणि लाल शून्याचा. लूक केओमध्ये मात्र लाल ९ अंशांचा, करडा ४.५ आणि काळा शून्याचा. म्हणजे 'लाल द्या' एवढंच सांगून चालणार नाही, कंपनी बघूनच रंग सांगा. नवशिक्यांनी शून्याच्या वाटेला जाऊ नये.

क्लीट बसवताना बूट घालून अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मागचं टपोरं हाड बाहेरून चाचपा. पेडलचा आस या दोन हाडांच्या मध्ये यावा. मग टेबलावर बसून पाय लोंबते सोडा. चवडे ज्या दिशेला वळतात तोच कोन क्लीटला द्या. दोन्ही पाय सारखे नसतील तर तसंच राहू द्या. गुडघ्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखू लागलं तर आधी हा कोन तपासा. तरीही दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. बूट आणि पेडल बदलल्याने सीटची उंचीही थोडी बदलावी लागते.

पेडल बसवताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. आट्यांना ग्रीस लावा, आधी हाताने फिरवा आणि सहज फिरलं तरच पाना लावा. जबरदस्ती केली तर क्रँकचे आटे जातात.

आता सराव. पेडलवरचा बारीक स्क्रू फिरवून स्प्रिंग सर्वांत सैल करा. भिंतीला धरून टाच बाहेर वळवत प्रत्येक पाय वीस-पंचवीस वेळा सोडवा. मग मोकळ्या मैदानावर, शक्यतो गवतावर, तेच करा. पडणं होतं ते बहुधा वेगात नाही, तर थांबताना. सायकल थांबली, पाय अडकलेलाच आणि आधाराला काही नाही. म्हणून थांबायच्या आधीच, चाक फिरत असताना पाय सोडवा. आपण डावीकडून चालवतो, तेव्हा डावा पाय सोडवून रस्त्याच्या कडेलाच झुका. उजवीकडे पडणं म्हणजे मागून येणाऱ्या गाडीपुढे पडणं. एसपीडीमध्ये पाय अनेक दिशांनी सुटणारा एसएच ५६ हा क्लीट वेगळा मिळतो, सुरुवातीला तो सोयीचा. मात्र उभं राहून जोरात चढ चढताना तो अचानक सुटू शकतो, हे ध्यानात असू द्या.

पाय न बघता, न आठवता सुटायला लागला की मगच गर्दीच्या रस्त्यावर या. तोवर घरचं जुनं पेडल टाकून देऊ नका.