कोयत्याचा पहिला हिशेब कारखान्याकडे

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर आणि थेट कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’ होतो. आगाऊ उचल मिळते ती कोयत्याला आणि बहुधा पडते नवऱ्याच्या हाती. निम्मे काम करणाऱ्या बाईचे नाव वहीत येतच नाही. पुढचे पाच-सहा महिने फडाजवळच्या कोप्यांत जातात. त्यांच्या मजुरीची, पाण्याची, अपघाताची जबाबदारी कोणाची असे विचारले, की कारखाना टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे आणि सरकार ऊसतोड कामगार महामंडळाकडे. जबाबदारी सगळ्यांची आहे, हे खरेच. पण तिची वाटणी करताना पहिला वाटा कारखान्याच्या नावावर चढला पाहिजे, कारण माप त्याच्याच काट्यावर होते. कोणत्या टोळीने किती टन ऊस घातला, हे त्याच्या दप्तरी असते. तोडणी-वाहतुकीचा खर्च तोच शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून, कापून घेतो. मग तोडणारा तेवढा त्याला अनोळखी कसा? ठेकेदाराने मजुरी थकवली तर मूळ मालकाने ती भरावी, हे तत्त्व तर 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासूनच आहे.

कारखानदारांची एक तक्रार खरी आहे: काही मुकादम लाखोंची उचल घेतात आणि टोळी आणतच नाहीत. पण तोंडी व्यवहार आणि मधले हात, यांतूनच ही फसवणूक फोफावते. लेखी करार करून उचल थेट मजुरांच्या खात्यात, निम्मी बाईच्या खात्यात भरली, तर कारखान्याचाही पैसा वाचेल. खर्च वाढेल, हा दुसरा आक्षेप. तो बोजा पुन्हा शेतकऱ्यावर टाकता कामा नये, हे मान्य. पण आज तो खर्च बायका शरीराने फेडताहेत. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. एक खाडा पडला तरी दंड कापला जातो. पाळीच्या दुखण्यात विसावा मागायचा कुणाकडे?

पहिला वाटा कारखान्याचा म्हटल्याने सरकारचा आणि गावाचा वाटा संपत नाही. टनामागे 10 रुपये कारखान्याने आणि तितकेच सरकारने देण्याच्या तत्त्वावर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे आहे. त्या पैशातून फडावर पाणी, शौचालय आणि दवाखान्याची गाडी पोचली पाहिजे. टोळी गाव सोडण्याआधी ग्रामसेवकाने प्रत्येकाला ओळखपत्र द्यावे, आणि बाईचे तिच्या स्वतःच्या नावाने, वेगळे.