आधी थवा, मग टाकी

शोभेचे मासे पाळण्याचा छंद आता केवळ शहरापुरता राहिलेला नाही. बाजारातून काचेचा गोल वाडगा व निरनिराळ्या जातींचे दोन-चार मासे हौसेने घरी आणले जातात. थोड्याच दिवसांत ते मरतात, आणि मासा हा फार नाजूक प्राणी आहे असे म्हणून वाडगा माळ्यावर टाकला जातो. आमच्या मते येथे दोष माशाचा नसून क्रमाचा आहे. आपण आधी भांडे घेतो व त्यात मावतील तेवढे मासे सोडतो. वास्तविक माशाच्या स्वभावावरून संख्या ठरवावी आणि संख्येवरून टाकी.

झेब्रा डॅनिओ या माशाचेच उदाहरण घ्या. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांविषयीच्या आपल्या ग्रंथात १८२२ साली त्याचे वर्णन केले. अंगावर निळे पट्टे असलेला, जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा हा भारतीय मासा संथ ओढे, डबकी व भातखाचरे यांत थव्याने राहतो. थवा हेच त्याचे संरक्षण होय. अनेक डोळ्यांना शत्रू लवकर दिसतो, आणि हलत्या पट्ट्यांच्या गर्दीत नेमका एक मासा हेरणे शत्रूस कठीण जाते. कळपातून वेगळी काढून बांधलेली शेळी चारा टाकून ओरडत राहते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. एकटा डॅनिओही असाच बुजून राहतो. दोन-तीनच असले तर बलवान मासा दुबळ्याचा सतत पाठलाग करतो. म्हणून एकाच जातीचे निदान ८ मासे ठेवावेत. त्यांना ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशी टाकी हवी. तीत सुमारे ५० लिटर पाणी राहते. हा मासा उडी मारतो, म्हणून टाकीवर झाकण असावे.

दुसरी गोष्ट पाण्याची. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी आहे. काही जीवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. यांपैकी नायट्राइटही घातक असते, नायट्रेट मात्र बरेच सौम्य. नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे व खाद्य त्याहून थोडे असावे. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी एक दिवस उघडे ठेवून मगच घालावे. गाळणीचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच धुवावा, म्हणजे जीवाणू मरणार नाहीत.

शेतकऱ्यास या चैनीशी काय कर्तव्य, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास आमचे उत्तर असे की, शेततळ्यातील पाण्याचा व्यवहारही याच नियमांनी चालतो. तेथे खाद्य अधिक पडले वा मासे दाट झाले, तर अमोनिया वाढतो, प्राणवायू घटतो आणि हजारो बोटुकल्यांवर संकट ओढवते. टाकीत हा धडा अल्प खर्चात व डोळ्यांसमोर शिकता येतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेततळ्यात मासे सोडू इच्छिणाऱ्यांना आधी अशी एक टाकी दाखवावी. शाळा हे तिच्यासाठी उत्तम स्थान आहे.

एक इशारा मात्र अवश्य द्यावा. छंद ओसरला तरी टाकीतील मासे नदीत, तलावात वा विहिरीत सोडू नयेत. परदेशातून शोभेसाठी आलेला सकर मासा असाच बाहेर पडून आपल्या देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे. त्याच्या काटेरी परांनी मच्छीमारांची जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. नको झालेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावेत. आणि द्यावयाचे तेही एकेक करून नव्हे, तर सबंध थवाच.