त्या कलमाला भिऊन गप्प बसू नका

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने आज रात्रीच आपले ऑफर लेटर काढून वाचावे. पगाराचा आकडा तोंडपाठ असतोच. वाचायची आहेत ती शेवटची पाने. तिथे दोन कलमे शोधा. नोकरी सोडल्यावर अमुक महिने त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीत जायचे नाही, हे एक. मुदतीआधी सोडलीत तर प्रशिक्षणाचा किंवा व्हिसाचा खर्च भरून द्यायचा, हे दुसरे.

पहिल्या कलमाबद्दल जुनी बातमी अजून फिरते आहे. एप्रिल २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने असली बंधने देशभर रद्द करणारा नियम केला. सुमारे तीन कोटी नोकरदारांवर असे बंधन आहे, असा आयोगाचाच अंदाज होता. व्हॉट्सॲपवर पेढे वाटून झाले. पण ४ सप्टेंबरला नियम लागू होण्याआधीच, २० ऑगस्टला, टेक्सासमधल्या फेडरल न्यायालयाने तो रद्द केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने अपीलही सोडून दिले. आता सगळे तुमच्या राज्यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात हे कलम, सही कुठेही आणि कधीही केलेली असो, रद्दबातलच. मिनेसोटात १ जुलै २०२३ पासूनच्या करारांत ते चालत नाही. फ्लोरिडाने मात्र २०२५ मध्ये उलटी वाट धरली: चांगल्या पगाराच्या माणसाला चार वर्षांपर्यंत अडकवता येते. सॅन होजेहून टँपाला बदली घेणाऱ्याने नव्या कागदावर डोळे मिटून सही करू नये.

दुसरे कलम म्हणजे आपल्याकडचा बाँडच. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासूनच्या करारांत तो जवळपास मोडीत काढला. साइनिंग बोनससारखे मोजके अपवाद ठेवले. आणि एच-१बीवर असाल तर देशभर लागू असलेला जुना नियम तुमच्या बाजूने आहे: मुदतीआधी सोडल्याचा दंड कंपनीला लावता येत नाही. काही राज्यांत खरीखुरी नुकसानभरपाई मागता येते, पण ती दंडाहून वेगळी. एच-१बी अर्जाची वकिलाची फी तुमच्या माथी मारणेही नियमात बसत नाही. काम नाही म्हणून बेंचवर बसवले, तरी पगार द्यावाच लागतो. हे ठाऊक नसल्याने धमकीच्या एका मेलवर लोक पैसे भरून मोकळे होतात, याचा खरोखर संताप येतो.

भारतातल्या आईवडिलांनाही विनंती: मुलाच्या बाँडपोटी कोणी कोरा चेक मागितला, तर देऊ नका.

ले-ऑफ झाला तर दिवस मोजून असतात. एच-१बीवाल्याला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. सेव्हरन्सची रक्कम हाती आली म्हणून ही मुदत वाढत नाही. सोबत जो कागद सहीसाठी येतो त्यात बहुधा दावे सोडून दिल्याचे लिहिलेले असते. वय ४० किंवा त्याहून जास्त असेल, तर वयाच्या भेदभावाचा दावा सोडण्याआधी विचाराला किमान २१ दिवस, सामूहिक कपातीत ४५ दिवस, आणि सहीनंतरही माघारीला सात दिवस मिळतात. ‘आज संध्याकाळपर्यंत सही द्या’ म्हणणाऱ्या एचआरला हे दिवस मागून घ्या.

ले-ऑफच्या दिवशी लॅपटॉप तासाभरात बंद होतो आणि ऑफर लेटर कंपनीच्या मेलमध्येच अडकते. म्हणून ऑफर लेटर, पे-स्लिप, आय-७९७ यांच्या प्रती आजच घरी ठेवा. कंपनीच्या गोपनीय फायलींना मात्र हात लावू नका. त्यातून दुसरेच लचांड मागे लागते. बेंचवरचा पगार बुडाला किंवा दंड कापला गेला असेल, तर श्रम खात्याच्या वेज अँड आवर डिव्हिजनकडे डब्ल्यूएच-४ हा अर्ज बारा महिन्यांच्या आत पोहोचला पाहिजे. तक्रार केली म्हणून सूड उगवायला कायद्याने मनाई आहे.

गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांनी या गणेशोत्सवात आरतीनंतरचा एक तास कामगार कायद्याच्या वकिलाला द्यावा. ऑर्केस्ट्रा दुसऱ्या दिवशी ठेवा. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीतच तारीख ठरवून सभासदांना कळवा, आणि येताना आपापले ऑफर लेटर घेऊन या म्हणून सांगा.